यादीत नाव नाही!

जून महिन्यात शाळा उघडली की पहिले काही दिवस याद्यांचे असतात. प्रवेशाची यादी, तुकड्यांची यादी, शिष्यवृत्तीची यादी, मोफत पुस्तकांची यादी. एखादे पालक कार्यालयाच्या खिडकीशी येतात, मुलाचे नाव सांगतात. कारकून यादीवरून बोट फिरवतात किंवा संगणकावर नाव टाकून पाहतात, आणि उत्तर देतात, “आहे” किंवा “नाही”.

ही दोन उत्तरे जोडीची वाटली तरी त्यांच्यात मोठा फरक आहे. “आहे” हे उत्तर लगेच पडताळता येते. नावावर बोट ठेवून दाखवले की संपले. “नाही” या उत्तराला मात्र बोट ठेवायला जागाच नसते. ते खरे मानायचे तर शोधणाऱ्या माणसावर आणि त्याच्या पद्धतीवर विश्वास टाकावा लागतो. पद्धतच चुकीची असेल तर यादीत असलेल्या मुलाला आपण परत पाठवतो, आणि आपली चूक झाली हे आपल्याला कळतही नाही.

यादीत शोध घेण्याचा इतिहास या नजरेने पाहिला तर फार बोलका आहे. कमीत कमी श्रमात, पण खात्रीने “नाही” कसे म्हणायचे, हा त्यातला मूळ प्रश्न आहे.

आधी क्रम, मग शोध

समजा, ५०० नावे कशीही, आली तशी लिहिलेली आहेत. त्यांत एक नाव शोधायचे आहे. नाव असेल तर कधी लवकर सापडेल, कधी उशिरा. सरासरीने निम्मी यादी वाचावी लागेल. नाव नसेल तर मात्र सुटका नाही. पाचशेच्या पाचशे नावे वाचल्याशिवाय “नाही” म्हणता येत नाही.

यावरचा उपाय माणसाला फार पूर्वी सापडला होता. यादी आधीच क्रमाने लावून ठेवायची. आज माहीत असलेल्या अशा याद्यांमधली एक फार जुनी यादी मेसोपोटेमियातल्या उरुक या शहरातली आहे. इनाकिबित-अनू याने इ.स.पू. २००च्या सुमारास मातीच्या पाटीवर एक कोष्टक कोरले. त्यात अनेक संख्या आणि प्रत्येकीसमोर तिचा गुणाकार व्यस्त आहे. बाबिलोनी गणिती भागाकार करताना भाजकाच्या गुणाकार व्यस्ताने गुणत असत, म्हणून असे कोष्टक त्यांना सतत लागे. संख्या साठावर आधारलेल्या पद्धतीत लिहिलेल्या आहेत आणि शब्दकोशात शब्द लावावेत तशा, पहिल्या अंकापासून क्रमाने लावलेल्या आहेत. हजारो वर्षे हातांनीच गणिते करणाऱ्या माणसांनी क्रम लावण्याचे किचकट काम अंगावर घेतले ते एवढ्यासाठीच, की ते काम एकदा करायचे असते आणि शोध रोज घ्यायचा असतो.

शब्दांच्या बाबतीत मात्र हा विचार सहजासहजी रुजला नाही. आपल्याकडचा अमरकोश पाहा. तो तीन कांडांत विषयवार रचलेला आणि श्लोकबद्ध आहे. देवांची नावे एकत्र, पृथ्वीची नावे एकत्र, वनस्पतींची एकत्र. तो पानावर शोधण्यासाठी नसून पाठ करण्यासाठी होता. ज्याला तो मुखोद्गत आहे त्याला शोधायची गरज नाही, आणि ज्याला नाही त्याला एखादा शब्द त्यात नाही हे सांगणे अवघड.

युरोपात जेनोवाच्या जोव्हान्नी बाल्बी याने १२८६ साली ‘कॅथोलिकॉन’ हा लॅटिन कोश पूर्ण केला. शब्द केवळ पहिल्या अक्षराने न लावता दुसरे, तिसरे, चौथे अक्षर पाहून कसे लावायचे, याचे नियम त्याला कोशातच समजावून द्यावे लागले. पुढे १६०४ साली रॉबर्ट कॉड्री या एकेकाळच्या शाळामास्तरांनी सुमारे अडीच हजार शब्दांचा इंग्रजी कोश छापला. त्यांनीही वाचकाला आरंभीच बजावले आहे, की अक्षरांचा क्रम पुस्तक न पाहता म्हणता आला पाहिजे. शब्द पहिल्या अक्षरांपैकी असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला पाहावे आणि शेवटच्या अक्षरांपैकी असेल तर शेवटाकडे. आज पाचवीच्या वर्गात आपण जे शिकवतो ते तेव्हा मोठ्या माणसांना शिकवावे लागत होते!

मराठीत मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि दुसरी १८५७ साली निघाली. दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत, तेही वर्णक्रमाने. एखादा शब्द त्यात नाही हे आपण अर्ध्या मिनिटात सांगू शकतो. हे बळ आपल्याला क्रमाने दिलेले आहे.

अर्धे टाका, उरलेल्यात पाहा

कोशात शब्द शोधताना आपण नकळत काय करतो? मधले एखादे पान उघडतो. आपला शब्द त्या पानाच्या आधी येतो की नंतर ते पाहतो. जो भाग नको तो सोडून देतो आणि उरलेल्या भागात पुन्हा तेच करतो. प्रत्येक वेळी बरोबर मधली नोंद पाहायची असे ठरवले, तर प्रत्येक नजरेत निम्मी यादी बाद होते. याला बायनरी सर्च म्हणतात. आपण त्याला ‘अर्ध्याअर्ध्याचा शोध’ म्हणू.

याचा हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. ७ नावे असतील तर मधले एक पाहिल्यावर दोन्ही बाजूंना ३-३ उरतात; ३ मधले मधले पाहिले की १-१ उरते. म्हणजे तीन नजरांत काम संपते. चार नजरांत १५ नावे, पाच नजरांत ३१, सहा नजरांत ६३. ५०० नोंदींना ९ नजरा पुरतात आणि मोल्सवर्थच्या ६० हजार शब्दांना फक्त १६. शब्द नसला, तरीही १६च! “नाही” म्हणण्याचा खर्च ६० हजारांवरून १६ वर आला.

ही कल्पना संगणकासाठी पहिल्यांदा जॉन मॉक्ली यांनी मांडली. एनियाक हा संगणक बनवणाऱ्या जोडीपैकी ते एक. १९४६च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये संगणक कसे बांधावेत यावर एक व्याख्यानमाला झाली. तिथल्या व्याख्यानात त्यांनी ही रीत सांगितली. कल्पना इतकी सोपी, की इथे इतिहास संपायला हवा होता. खरे तर तो इथे सुरू होतो.

सोळा वर्षांची अडचण

वरच्या हिशेबात आपण ७, १५, ३१ अशाच संख्या घेतल्या. त्यांना बरोबर एक मधले नाव असते आणि दोन्ही बाजू समान असतात. पण वर्गात ४० मुले असली तर मधले नाव कोणते? विसावे की एकविसावे? सुरुवातीला छापून आलेल्या सगळ्या रीती ७, १५, ३१ अशा सोयीच्या लांबीच्या याद्यांनाच लागू होत्या. कोणत्याही लांबीच्या यादीला चालणारी रीत डेरिक हेन्री लेमर या गणितज्ञाने १९६० साली प्रसिद्ध केली. डोनाल्ड कनूथ यांनी या विषयाच्या इतिहासात नोंदवले आहे, की पहिली कल्पना १९४६ साली छापली गेली, तरी तिचा पहिला निर्दोष प्रोग्रॅम छापून यायला १९६२ साल उजाडले.

चूक होते कुठे? दोन उदाहरणे घेऊ. शोधाच्या प्रत्येक टप्प्यावर आपण दोन क्रमांक लक्षात ठेवतो, उरलेल्या भागाची सुरुवात आणि शेवट. त्या दोघांची बेरीज करून निम्मी केली की मधला क्रमांक मिळतो; अपूर्णांक आला तर सोडून द्यायचा. समजा, क्रमांक ४ आणि ५ अशी दोनच नावे उरली. मधला क्रमांक साडेचार, म्हणजे ४. आपले नाव चौथ्याच्या नंतरचे आहे. आता नवी सुरुवात ५ पासून धरायला हवी. ती चुकून ४ पासूनच धरली, तर पुन्हा ४ आणि ५, पुन्हा मधला ४, आणि संगणक त्याच जागी कायमचा फिरत राहतो.

दुसरी चूक याहून वाईट, कारण ती गप्प असते. शोध कधी थांबवायचा? “सुरुवात आणि शेवट एकच झाले की थांब” असे लिहिले, तर शेवटी उरलेले एकुलते एक नाव न पाहताच शोध संपतो. ते नाव नेमके आपले असेल तर? प्रोग्रॅम शांतपणे सांगतो, “नाही”. बहुतेक नावे बरोबर सापडतात, म्हणून कोणाला संशय येत नाही. काही ठराविक जागांवरची नावे मात्र कधीच सापडत नाहीत.

हे नवशिक्यांचेच होते असे नाही. जॉन बेंटली हे बेल लॅबोरेटरीज आणि आयबीएम येथे अनुभवी प्रोग्रॅमरांचे वर्ग घेत. ते अर्ध्याअर्ध्याचा शोध शब्दांत नीट समजावून देत आणि त्याचा प्रोग्रॅम लिहायला दोनेक तास देत. अनेक वर्गांतून शंभराहून अधिक जणांनी हे केले. बहुतेकांना आपला प्रोग्रॅम बरोबर असल्याची खात्री होती. मग तपासल्यावर सुमारे ९० टक्के लोकांना त्यात चुका सापडल्या. १९८६ साली निघालेल्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात त्यांनी हे लिहून ठेवले आहे.

दोन वर्षांनी, १९८८ साली, रिचर्ड पॅटिस यांनी आपल्याला आणखी जवळची अशी पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी संगणकशास्त्राची २० पाठ्यपुस्तके तपासली. अर्ध्याअर्ध्याचा शोध बिनचूक दिलेला होता फक्त पाच पुस्तकांत! उरलेल्या पंधरा पुस्तकांतून किती वर्गांत ती चूक फळ्यावर गेली असेल याची कल्पना शिक्षकच करू शकतात.

सिद्ध केलेलेही चुकले

बेंटली यांनी आपल्या पुस्तकात प्रोग्रॅम नुसता दिला नाही. तो बरोबर का आहे हे तर्काने सिद्ध केले आणि वर चाचण्याही घेतल्या. कार्नेगी मेलन विद्यापीठात ते शिकवत तेव्हा त्यांच्या पहिल्याच तासाला सगळ्यांनी हा प्रोग्रॅम लिहिला होता आणि बहुतेकांचा चुकला होता. त्या वर्गात बसलेल्यांपैकी एक होते जोशुआ ब्लॉक. पुढे जावा या भाषेच्या ग्रंथालयात अर्ध्याअर्ध्याचा शोध लिहिण्याचे काम त्यांच्याकडेच आले. त्यांनी तो गुरूंच्या रीतीने लिहिला.

तो प्रोग्रॅम सुमारे नऊ वर्षे जगभर बिनबोभाट चालला. मग कोणाचा तरी प्रोग्रॅम त्यामुळे कोसळला आणि चूक उघडकीस आली. २००६ साली ब्लॉक यांनी स्वतःच ती जाहीर केली. चूक होती “सुरुवात आणि शेवट यांची बेरीज करून निम्मी करा” या निरुपद्रवी वाक्यात. कागदावर बेरीज कितीही मोठी होऊ शकते. संगणकात संख्येला ठराविक जागा असते. तिथे मावणारी सर्वांत मोठी संख्या होती २१४,७४,८३,६४७. यादी १०७ कोटींहून मोठी झाली की दोन क्रमांकांची बेरीज या मर्यादेपलीकडे जाऊ शकते. स्कूटरचा मीटर ९९९९९ नंतर शून्यावर जातो, तशी ही संख्या मर्यादा ओलांडली की उलटून ऋण होते. मधला क्रमांकही ऋण येतो, आणि ऋण क्रमांकाचे नाव यादीत कुठले?

बेंटली यांच्या सिद्धतेतली पायरी गणिताने चूक नव्हती. फक्त त्यांनी गृहीत धरलेली संख्या वहीतली होती, यंत्रातली नव्हती. पुस्तक लिहिले तेव्हा १०० कोटींची यादी कोणाच्या संगणकात मावत नव्हती, म्हणून चूक दिसलीही नाही. दुरुस्ती अगदी छोटी आहे. बेरीज न करता शेवटातून सुरुवात वजा करायची, आलेले अंतर निम्मे करायचे आणि ते सुरुवातीत मिळवायचे. उत्तर तेच, पण वाटेत मोठी संख्या येत नाही.

खिडकीतली यादी

आता शाळेच्या कार्यालयातल्या संगणकाकडे वळू. पडद्यावर चौकट असते, तिच्यात नावांची यादी. तिला लिस्ट बॉक्स म्हणतात. १९८५ साली आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीपासून ती आहे. या यादीत शोध घेण्याची आज्ञा तयारच मिळते, प्रोग्रॅमरला शोध स्वतः लिहावा लागत नाही. मग चुका संपल्या का? नाही. त्या दुसरीकडे सरकल्या.

ही आज्ञा सापडलेल्या नावाचा क्रमांक परत देते. पण तिथली मोजणी १ पासून नसून ० पासून आहे. पहिल्या नावाचा क्रमांक ०, दुसऱ्याचा १. नाव नसेल तर उत्तर येते उणे १. हे विसरून प्रोग्रॅमरने “उत्तर शून्याहून मोठे असेल तर नाव आहे” असे लिहिले, की यादीतले सर्वांत पहिले नाव कायमचे “नाही” होऊन बसते. हजेरीत पहिला येणारा मुलगा यंत्राच्या लेखी शाळेतच नाही!

कुठून शोधायचे हेही आज्ञेला सांगावे लागते. तिची रीत अशी, की दिलेल्या क्रमांकाच्या पुढच्या नावापासून ती पाहू लागते. पहिल्यापासून पाहायचे तर ० नव्हे, उणे १ द्यावे लागते. शेवटपर्यंत गेल्यावर ती थांबत नाही. वळसा घालून पुन्हा वरून सुरुवात करते. त्यामुळे एकाच नावाची सगळी मुले शोधताना “सापडत नाही तोवर शोधत राहा” असे लिहिले, तर प्रोग्रॅम गोल गोल फिरतच राहतो. सापडलेला क्रमांक आधीच्यापेक्षा मोठा नसेल तर फेरी पूर्ण झाली असे ओळखून आपणच थांबावे लागते.

शिवाय ही आज्ञा नावाची फक्त सुरुवात जुळते का ते पाहते. “राम” शोधले तर “रामचंद्र”ही चालतो. पूर्ण नाव जुळवणारी आज्ञा वेगळी आहे, आणि तिला नावामागे चुकून पडलेली एक मोकळी जागाही खपत नाही. डोळ्याला दोन्ही नावे सारखी दिसतात, यंत्राचे उत्तर मात्र “नाही”.

काळे आणि कावळे

शेवटी आपल्या भाषेतली गोष्ट. अर्ध्याअर्ध्याचा शोध एका अटीवर उभा आहे. यादी ज्या क्रमाने लावली, त्याच क्रमाने शोधणाऱ्याने तुलना केली पाहिजे. मराठीत इथे एक खाच आहे.

युनिकोड या पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. ल चा क्रमांक २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७ आणि ह चा २३६१. म्हणजे क्रमांकांप्रमाणे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेत मात्र ळ येतो ह च्या नंतर. आता ही सात नावे मराठी क्रमाने लावलेली पाहा: कदम, कानडे, कामत, कावळे, काळे, कुलकर्णी, केळकर.

यात “काळे” शोधायचे आहे आणि प्रोग्रॅम तुलना करतो अक्षरांच्या क्रमांकांनी. मधले नाव कावळे. ळ चा क्रमांक व पेक्षा लहान, म्हणून काळे हे कावळेच्या आधी असणार असे ठरते आणि उजवी बाजू बाद होते. उरली तीन नावे. मधले कानडे, काळे त्याच्या नंतर. मग कामत, काळे त्याच्याही नंतर. पुढे काहीच उरले नाही. उत्तर, “नाही”. आणि काळे तर कावळेच्या शेजारीच उभे आहेत!

क्ष चेही तसेच. आपण तो अंकलिपीच्या शेवटी शिकतो, पण संगणक त्याला क, हलन्त आणि ष असा तोडून पाहतो आणि क च्या घरात बसवतो. यात कोणताही क्रम पवित्र नाही. भाषेनुसार क्रम लावण्याची सोय संगणकातही करता येते. लावणाऱ्याचा आणि शोधणाऱ्याचा क्रम एकच असला म्हणजे झाले.

वर्गात करून पाहा

हा सगळा इतिहास ४० चिठ्ठ्यांमध्ये मावतो. चिठ्ठ्यांवर ४० वेगवेगळ्या संख्या लिहून, क्रमाने लावून, टेबलावर पालथ्या मांडा. एका मुलाला एक संख्या सांगा. एका वेळी एकच चिठ्ठी उलटायची. सहा चिठ्ठ्यांत उत्तर यायलाच हवे. मग मुलांना सांगा, “आता ही रीत अशी लिहा, की न समजता नुसते सांगितल्याप्रमाणे करणाऱ्यालाही जमली पाहिजे.” एकाने लिहायचे, दुसऱ्याने शब्दशः तसेच करायचे.

तपासताना मधल्या संख्या विचारू नका, त्या बहुधा सापडतातच. सर्वांत पहिली संख्या विचारा, सर्वांत शेवटची विचारा. टेबलावर दोनच चिठ्ठ्या ठेवा, एकच ठेवा, एकही ठेवू नका. यादीत नसलेली संख्या विचारा: सगळ्यांहून लहान, सगळ्यांहून मोठी आणि दोन चिठ्ठ्यांच्या मधली. शेवटी दोन चिठ्ठ्यांची गुपचूप अदलाबदल करा आणि काय होते ते मुलांनाच पाहू द्या.

मुलांच्या पहिल्या लिखाणात चुका निघतीलच. १९४६ ते २००६ या साठ वर्षांत त्याच चुका कोणाकोणाच्या हातून झाल्या हे त्यांना जरूर सांगा. आणि पुढच्या जूनमध्ये कोणी खिडकीशी येऊन नाव सांगितले आणि पडद्यावर “नाही” आले, तर नाव दुसऱ्या तऱ्हेने लिहून, आणि मग यादीवरून बोट फिरवून, एकदा तरी पुन्हा पाहा.